तारीख पडल्यावर काय करायचं? पर्यावरणाच्या लढ्यात वर्षानुवर्षं टिकण्याची व्यवहारी पद्धत

मुंबईतल्या आरेच्या जंगलात मेट्रोची कारशेड (गाड्या ठेवण्याचा आणि दुरुस्तीचा तळ) बांधण्यावरून जो लढा झाला, त्याचा घटनाक्रम एकदा सलग वाचून बघा. ४ ऑक्टोबर २०१९ ला मुंबई उच्च न्यायालयानं झाडतोडीविरुद्धच्या याचिका फेटाळल्या आणि त्याच रात्री झाडांवर करवती चालल्या. ७ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयानं पुढची तोड थांबवली, पण तोवर २,१४१ झाडं गेली होती. नोव्हेंबरअखेर नव्या सरकारनं कारशेडचं काम थांबवलं. ऑक्टोबर २०२० मध्ये घोषणा झाली की कारशेड कांजूरमार्गला जाणार आणि आरेतली ८०० एकर जमीन राखीव वन होणार. डिसेंबरात कांजूरच्या जागेला उच्च न्यायालयाची स्थगिती. २०२२ च्या मध्यात सरकार बदललं आणि कारशेड पुन्हा आरेत आली. एप्रिल २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं आणखी १७७ झाडं काढायला परवानगी दिली आणि मेट्रो कॉर्पोरेशनला १० लाखांचा दंडही केला.

साडेतीन वर्षांत इतक्या वेळा पेढे आणि इतक्या वेळा सुतक. ज्याचा उत्साह निकालावर टांगलेला होता तो यातल्या दुसऱ्या किंवा तिसऱ्या वळणालाच गळाला असणार, आणि त्यात त्याचा दोष नाही.

पुण्यातल्या एका टेकडीच्या आणि पुढे नदीच्या कामात मी बारा वर्षं आहे. या काळात सोडून गेलेल्या माणसांची यादी मनातल्या मनात केली तर हरल्यामुळे गेलेले फार थोडे निघतात. बरेचसे काहीच घडत नव्हतं त्या महिन्यांत गेले, आणि काही तर स्थगिती मिळाल्यावर, म्हणजे जिंकल्यावर गेले. असं का होतं, यावर मी पुष्कळ विचार केला. उत्तर इतकंच सापडलं की लढ्याचं कॅलेंडर आपल्या हातात नसतं. तारीख कोर्ट देतं, नोटीस महापालिका काढते, मशिन कधी आणायचं ते ठेकेदार ठरवतो, आणि ते तो शुक्रवारी संध्याकाळी आणतो, कारण पुढे शनिवार-रविवार असतो. आपण सतत दुसऱ्याच्या वेळापत्रकावर धावत असतो. टिकायचं तर त्याच्या शेजारी आपलं स्वतःचं एक कॅलेंडर चालू ठेवावं लागतं. पुढच्या सगळ्या पायऱ्या ते कसं बसवायचं, याबद्दलच्या आहेत.

पायरी १: थकवा कुठला आहे ते आधी ओळखा

'दमलो बुवा' या एका शब्दात तीन वेगळी दुखणी लपलेली असतात. कामानं येणाऱ्या दमछाकीचा अभ्यास करणाऱ्या अमेरिकी मानसशास्त्रज्ञ ख्रिस्तिना मास्लाक यांनी १९८० च्या सुमारास त्यांची जी विभागणी केली, ती आपल्या कामालाही चपखल बसते.

पहिला साधा शीण. झोप नाही, जेवण वेळेवर नाही, आठवड्यात तीन बैठका. यावर उपाय विश्रांती, दुसरा नाही.

दुसरा कडवटपणा. हा ओळखायला सगळ्यात अवघड, कारण तो आपल्याला अनुभव वाटतो. नवीन मुलगी उत्साहानं येते, मानवी साखळी करू म्हणते आणि आपण म्हणतो, 'केलंय ते २०१६ ला, काही होत नाही.' निवेदन द्यायला कुणी नवा आला की आपण शेजारच्याच्या कानात 'हा फोटोपुरता' असं पुटपुटतो. हे मी केलेलं आहे. एका नवख्या पोराला चारचौघांत असं काही बोलले की तो पुन्हा फिरकलाच नाही. नंतर कळलं, तो सर्वेक्षणाची सॉफ्टवेअर उत्तम वापरायचा आणि आम्हाला नेमका त्याच वर्षी नकाशे करणारा माणूस हवा होता. कडवटपणावर विश्रांती लागू पडत नाही. महिनाभर घरी बसलात तर तो वाढतोच. त्यावर उपाय म्हणजे कामाची जागा बदलणं: कोर्टाची बाजू पाहणाऱ्यानं सहा महिने शाळांमध्ये जाणं, शाळा पाहणाऱ्यानं कागद हातात घेणं.

तिसरं दुखणं म्हणजे 'माझ्यानं काही होत नाही' ही भावना. इथे विश्रांतीही चालत नाही आणि बदलही. इथे पुरावा लागतो. तो कसा जमवायचा ते पायरी ३ मध्ये आहे.

आज रात्री एका कागदावर या तिघांपुढे दहापैकी गुण द्या. सगळ्यात जास्त गुण ज्याला, त्याचा उपाय आधी करा. शीण असताना प्रेरणादायी भाषणं ऐकू नका, झोपा.

पायरी २: लढ्याचं वय कागदावर काढा

भिंतीला एक लांब कागद लावा आणि आपल्या प्रश्नाची रेघ मारा. सुरुवात कधी झाली, मधले टप्पे कोणते, आत्ता आपण कुठे आहोत. मग त्याखाली दुसऱ्या लढ्यांच्या रेघा काढा, म्हणजे आपली रेघ किती लांब असू शकते याचा अंदाज येतो.

केरळातल्या सायलेंट व्हॅलीच्या जंगलात धरण बांधण्याचा वाद सत्तरच्या दशकात पेटला, आणि ते जंगल राष्ट्रीय उद्यान म्हणून जाहीर झालं १९८४ ला. गोव्यात मोलें अभयारण्यातून जाणाऱ्या रेल्वेच्या दुपदरीकरणाविरुद्ध, महामार्ग रुंदीकरणाविरुद्ध आणि वीजवाहिनीविरुद्ध २०२० मध्ये लोक उभे राहिले. सर्वोच्च न्यायालयानं ९ मे २०२२ ला रेल्वेच्या प्रकल्पाची वन्यजीव मंजुरी रद्द केली. दोन वर्षांत, आणि तेही तीनपैकी एका प्रकल्पात. आपल्याकडे हा विलक्षण वेगवान विजय धरला जातो.

डहाणूची रेघ सगळ्यात लांब निघेल. १९९१ मध्ये तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून अधिसूचित झाला, १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानं डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरण आलं, न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी वीस वर्षांहून जास्त काळ त्याचे अध्यक्ष होते. १९९८ मध्ये प्राधिकरणानं वाढवण बंदराला नकार दिला. तेच बंदर पुन्हा आलं, २०२३ मध्ये त्याच प्राधिकरणानं ना हरकत दिली आणि ऑगस्ट २०२४ मध्ये भूमिपूजन झालं. तिथल्या मच्छीमार घरांमध्ये आता या विरोधाची दुसरी पिढी आहे.

हे सांगून मी कुणाला घाबरवत नाही. ही रेघ काढल्यावर दोन गोष्टी होतात. एक, 'या डिसेंबरपर्यंत सोक्षमोक्ष लावू' ही भाषा बंद होते. माणसं मोडतात ती बहुधा अशाच मुदतींपाशी. दुसरी जास्त उपयोगाची. अमेरिकेतले चळवळींचे प्रशिक्षक बिल मॉयर यांनी यशस्वी आंदोलनांचे आठ टप्पे मांडले होते. त्यातला चौथा टप्पा म्हणजे उसळी: हजारो माणसं रस्त्यावर, वर्तमानपत्रात पहिलं पान. आणि पाचवा टप्पा? 'आपण हरलो' अशी भावना. उसळी ओसरते, गर्दी पांगते, निर्णय अजून बदललेला नसतो, आणि नेमकं तेव्हाच लोकमत आतून सरकत असतं. मोठ्या मोर्चानंतरच्या तिसऱ्या महिन्यात तुमच्या बैठकीला सहाच जण आले, तर भिंतीवरच्या रेघेवर बोट ठेवून बघा.

पायरी ३: मागणीचे तुकडे करा आणि वही घाला

'टेकडी वाचवा' ही घोषणा आहे, काम नव्हे. ती पूर्ण झाली की नाही हे कळायला दहा वर्षं लागतील आणि दहा वर्षं कोरड्या तोंडानं कुणी चालत नाही. तेव्हा ज्याचा आरंभ आणि शेवट आपल्याच हातात आहे असे तुकडे पाडायचे.

शहरातल्या झाडांच्या प्रश्नात हे तुकडे आयते मिळतात. महाराष्ट्रात १९७५ च्या नागरी वृक्ष जतन कायद्याखाली झाड तोडण्याआधी नोटीस लावावी लागते आणि हरकतीला साधारण सात दिवस मिळतात. नोटिशीवरची तारीख नीट वाचा. मग 'सात दिवसांत चाळीस स्वतंत्र हरकती' हा एक तुकडा झाला. स्वतंत्र म्हणजे एकच मजकूर चाळीस जणांनी पाठवायचा नाही. प्रत्येकानं झाडापाशी जाऊन, जात, घेर, ढोली, घरटं असेल तर घरटं, असं स्वतः पाहून लिहायचं. माहिती अधिकाराचा अर्ज हा दुसरा तुकडा: दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एकच विषय, दीडशे शब्दांच्या आत. तीस दिवसांत उत्तर नाही आलं तर पुढच्या तीस दिवसांत पहिलं अपील, तिथेही नाही झालं तर नव्वद दिवसांत दुसरं. मोठ्या प्रकल्पाला जनसुनावणी असेल तर तीस दिवस आधी सूचना निघते आणि प्रकल्पाच्या अहवालाचा सारांश मराठीत मिळायला हवा. तो मागून आणणं, मोठ्यानं वाचणं आणि न समजलेल्या वाक्यांखाली रेघा मारणं हा एका रविवारचा तुकडा. पर्यावरण मंजुरीला हरित न्यायाधिकरणात आव्हान द्यायचं तर मुदत तीस दिवसांची असते, ही तारीख तर दारामागे लिहून ठेवा.

आता वही. जाड, पुठ्ठ्याची, शंभर पानी. घरखर्चाची असते तशी. महिन्याच्या शेवटच्या शनिवारी त्यात लिहायचं: या महिन्यात आपण काय केलं. काय *झालं* ते नाही. स्थगिती मिळाली की नाही, आमदार काय म्हणाले, पेपरात बातमी आली का, यातलं काही लिहायचं नाही. आमच्या वहीतलं एक पान असं आहे:

'दोन अर्ज टाकले, एकाची पोच मिळाली, आवक क्रमांक घेतला. दुसऱ्याला बाईंनी उद्या या सांगितलं. उत्तर उतारावरच्या ११४ झाडांची मोजणी पुरी. सोसायटीच्या गणपतीत नकाशा लावला, नऊ जणांनी नंबर दिले. वकिलांचे ३,००० देणं बाकी. एक बैठक रद्द, पाऊस.'

कंटाळवाणं वाटतं ना? ते तसंच असायला हवं. दोन वर्षांनी जेव्हा तुम्हाला वाटेल की आपण नुसते हवेत हात मारतोय, तेव्हा ही चोवीस पानं उलटा. शिवाय याचा दुसरा उपयोग कोर्टात होतो. एका कार्यालयानं आमच्या हरकती आल्याच नाहीत असं सांगितलं तेव्हा वहीत आवक क्रमांक होते. पोच घेतल्याशिवाय काउंटर सोडायचं नाही, हे या कामातलं पहिलं शिस्तीचं वाक्य आहे. मला विचाराल तर मनःशांतीचंही.

पायरी ४: तीन माणसांचा लढा तीसांचा करा

प्रत्येक ग्रुपमध्ये दोनशे सदस्य असतात आणि काम तिघं करतात. बाकीचे अंगठा दाखवतात. या तिघांना पहिलं वर्षभर त्याचा अभिमान असतो, दुसऱ्या वर्षी तक्रार असते आणि तिसऱ्या वर्षी त्यातले दोघं एकमेकांशी बोलत नसतात. बाकीच्यांना नावं ठेवण्याआधी एक तपासा: त्यांना करता येईल असं काम आपण कधी दिलं होतं का? 'सगळ्यांनी सहभागी व्हा' म्हणजे कुणीच सहभागी होऊ नका. 'मंगळवारी अकरा ते बारा, वॉर्ड ऑफिस, हे पत्र द्यायचं आणि शिक्का घेऊन यायचं' याला माणूस मिळतो. पाऊण तासाची कामं करा आणि ती नावानं मागा, फोन करून.

प्रत्येक जबाबदारीला दोन माणसं ठेवा. वकिलांशी एकानंच बोलायचं आणि कागद एकाच्याच लॅपटॉपवर, हे चालत नाही. तो आजारी पडला की लढा आजारी पडतो, आणि आपण आजारी पडू शकत नाही ही जाणीव त्या माणसाला आतून खात राहते. जबाबदाऱ्यांची अदलाबदल वर्षातून एकदा, ठरलेल्या दिवशी करा. आम्ही दसऱ्याला करतो. कुणी काढून घेतलं, कुणाला डावललं, असला वाद त्यामुळे होत नाही. दसरा आला म्हणून खांदेपालट, इतकंच.

मोलेंच्या आंदोलनात वकील आणि शास्त्रज्ञ होते तसे चित्रकार होते, विद्यार्थी होते, चांदर गावातल्या रुळांवर रात्रभर मेणबत्त्या घेऊन बसलेले गावकरी होते. घोषणा देणं ज्याच्या स्वभावात नाही त्यालाही तिथे जागा होती. आपल्याकडे उगीचच असा समज आहे की खरा कार्यकर्ता म्हणजे ज्याचा आवाज बसलेला आहे तो.

आणि मेंढा (लेखा). गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातलं हे छोटं गोंड गाव 'आमच्या गावात आम्हीच सरकार' या घोषणेमुळे माहीत असतं. २००९ मध्ये त्यांना सुमारे अठराशे हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला, २०११ मध्ये स्वतःचा बांबू स्वतः विकण्याचा मार्ग मोकळा झाला. पण ऐंशीच्या दशकातल्या धरणविरोधी आंदोलनापासून तिथवर पोचायला जी पंचवीस वर्षं लागली त्यात गाव टिकलं कसं? मला त्यांची एक पद्धत फार महत्त्वाची वाटते: अभ्यासगट. अभ्यासगटात बसायचं, वाचायचं, बाहेरच्या जाणकाराला बोलवायचं, वाद घालायचा, पण निर्णय घ्यायचा नाही. निर्णय ग्रामसभेत, आणि तोही सर्वसहमतीनं. शहरातल्या आपल्या बैठकांत हे दोन्ही एकत्र होतं. माहिती अर्धवट, वेळ दीड तास, आणि शेवटी ज्याचा आवाज मोठा त्याचा ठराव. मग भांडणं, मग दोन ग्रुप. महिन्यातली एक बैठक नुसती अभ्यासाची करून बघा. ज्या बैठकीत काही ठरवायचंच नसतं तिथे माणसं हलकी होऊन येतात, आणि येत राहतात.

पैशांबद्दल कुणी बोलत नाही, म्हणून मी बोलते. झेरॉक्स, प्रमाणित प्रती, दिल्लीची तिकिटं, वकिलांचं मानधन (ते कमी घेतात, फुकट नाही) हे सगळं दोघातिघांच्या खिशातून जातं, आणि त्याचा सल मनात साचत राहतो. महिना शंभर रुपये वर्गणी लावा, हिशेब दर महिन्याला ग्रुपवर टाका. रक्कम छोटीच असते. पण वर्गणी देणारा माणूस बघ्या राहत नाही.

घरच्यांचंही तेच. 'आज शेवटची बैठक' असं दर आठवड्याला सांगू नका. कुठले दोन दिवस लढ्याचे ते घरात ठरवून सांगा आणि उरलेल्या दिवशी फोन दुसऱ्या माणसाकडे वळवा. आपण प्रत्येक जबाबदारीला दोघं ठेवलेत ते याचसाठी.

पायरी ५: फोन

थोडक्यात. कामाचा ग्रुप आणि चर्चेचा ग्रुप वेगळे ठेवा. कामाच्या ग्रुपवर फक्त जागा, वेळ, कागद. हिमनद्या वितळल्याच्या बातम्या, ॲमेझॉनच्या आगी, समुद्राच्या पातळीचे आलेख रात्री वाचायचे नाहीत. त्यानं तुमच्या वॉर्डातलं एकही झाड वाचत नाही, आणि सकाळी वॉर्ड ऑफिसला जायला तुम्ही उठत नाही. ट्रोलांना उत्तर द्यायला एक माणूस नेमा, तोही आठवड्यातून एकदाच, बाकीच्यांनी त्या खिडकीत डोकावायचंही नाही. आमच्याकडे हे काम एक निवृत्त शिक्षक करतात. ते ट्रोलांची शुद्धलेखनं तपासतात.

पायरी ६: जागेवर जा, रिकाम्या हातानं

मध्यंतरी माझ्या लक्षात आलं की तीन वर्षं मी टेकडीवर फक्त मोजणीला, पंचनाम्याला किंवा पत्रकारांना दाखवायला गेले होते. प्रत्येक झाडाकडे बघताना त्याचा क्रमांक आठवायचा. जी जागा वाचवायची तिच्याशी माझं नातं कारकुनाचं झालं होतं.

तेव्हापासून महिन्यातली एक सकाळ नियमानं तिथे जायचं आणि काहीही काम करायचं नाही. पाटी नाही, टेप नाही, फोटो नाही. फेब्रुवारीच्या शेवटी गणेराची पिवळीजर्द फुलं पानं नसलेल्या फांद्यांवर येतात ती बघायची. जूनमध्ये पहिल्या पावसाच्या सुमाराला नवरंग पक्षी येतो, दिसत नाही, पण त्याची दोन सुरांची शीळ ऐकू येते. कुणाबरोबर गेलात तर लढ्याबद्दल बोलायला बंदी. आम्ही बंदी मोडणाऱ्याकडून चहाचे पैसे घेतो.

घर तिथंच असूनही भोवतालची जागा बदलत गेली की माणसाला जी उदासी घेरते, तिला ऑस्ट्रेलियातले विचारवंत ग्लेन आल्ब्रेक्ट यांनी 'सोलास्टॅल्जिया' असं नाव दिलं. कोळशाच्या खाणींनी वेढलेल्या हंटर खोऱ्यातल्या लोकांशी बोलताना त्यांना हा शब्द सुचला. नदीकाठी वाढलेल्या आणि आता त्याच काठावर काँक्रीटच्या भिंती बघणाऱ्या पुणेकराला त्याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. या दुःखाला दाबून ठेवण्यापेक्षा त्याचं नाव घेतलेलं बरं. बैठकीच्या सुरुवातीला दहा मिनिटं, ज्याला जे बोलायचं ते. सल्ला द्यायचा नाही. झोप उडाली असेल, काही खावंसं वाटत नसेल, दोन-दोन आठवडे हे चालू असेल तर ते मित्रांच्या आवाक्यातलं नाही. सरकारच्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा मोफत क्रमांक आहे, मराठीत बोलता येतं.

आणि जिथे काहीतरी *वाढताना* दिसतं अशा एका कामाला हात लावून ठेवा. नुसता विरोध करत राहणारं मन कोरडं पडतं. रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासला २००२ पासून समुद्री कासवांची घरटी राखली जातात. पूर्वी अंडी चोरीला जायची. आता गाव घरटी राखतं, पिल्लं समुद्रात सोडतं, आणि २००६ पासून कासव महोत्सवाला आलेले पाहुणे गावकऱ्यांच्याच घरी जेवतात. तुमच्याकडे कासवं नसतील. रोपवाटिका असेल, एखादी विहीर असेल, शाळेतल्या मुलांची पक्ष्यांची वही असेल.

पायरी ७: हरल्याच्या दिवसासाठी आधीच कागद लिहून ठेवा

निकाल विरुद्ध गेल्यावर काय करायचं हे त्या दिवशी ठरवता येत नाही. म्हणून शांत असताना एक पान लिहा आणि फाइलच्या पहिल्या खिशात ठेवा. आमच्या पानावर काय आहे ते सांगते.

त्या रात्री कुणीही काहीही लिहून टाकायचं नाही. रागात टाकलेल्या दोन ओळी न्यायालयाच्या अवमानापर्यंत जातात आणि आपल्याच वकिलाचं तोंड बंद करतात. प्रसारमाध्यमांशी एकच जण बोलेल, त्याचं नाव आधीच ठरलेलं. सगळ्यांनी एकाच घरी जमायचं आणि जेवायचं. पिठलं-भात, कारण ते वीस जणांना पटकन होतं. कोण एकटं राहतं त्याला कोण घरी सोडणार हेही लिहिलेलं आहे. दुसऱ्या दिवशी आदेशाची प्रत मिळवायची आणि *पूर्ण* वाचायची. बातमीत 'याचिका फेटाळली' एवढंच असतं. आदेशाच्या बाराव्या पानावर कधी पुनर्लागवडीची अट असते, कधी अहवाल सादर करायची तारीख असते. त्या अटींवर नजर ठेवणं हा पुढच्या सहा महिन्यांचा पहिला तुकडा असतो. आणि शेवटची ओळ: पंधरा दिवस कुणीही राजीनामा द्यायचा नाही, ग्रुप सोडायचा नाही, नवा लढाही जाहीर करायचा नाही.

अशा वेळी हमखास कुणीतरी मुळशीचं नाव काढतं. १९२१ ते १९२४, टाटांच्या धरणाविरुद्ध मावळातल्या शेतकऱ्यांचा सत्याग्रह, ज्यातून पांडुरंग महादेव बापटांना 'सेनापती' ही पदवी मिळाली. 'बघा, हरले पण इतिहासात राहिले' असं म्हणतात. मला हे बोलणं आवडत नाही. ज्यांची भाताची खाचरं पाण्याखाली गेली त्यांना इतिहासातल्या जागेचा काय उपयोग? हरलो तर हरलो म्हणावं. नुकसान कुणाचं झालं, आपलं की तिथे राहणाऱ्यांचं, हे स्पष्ट बोलावं, आणि त्यांच्या घरी जाऊन यावं. लढा संपल्यावर कार्यकर्ते दिसेनासे होतात, याची गावोगावी बोच असते. जे निकालानंतरही जात राहिले त्यांना पुढच्या वेळी दार उघडं मिळतं.

जिंकल्याचा दिवसही त्याच पानावर लिहा. स्थगिती म्हणजे शेवट नव्हे, हे खरं, पण म्हणून आनंद पुढे ढकलायचा नाही. स्थगिती मिळाली की त्याच आठवड्यात टेकडीवर वनभोजन, आणि पुढची बैठक थेट महिन्यानं. मी वर म्हणाले की काही माणसं जिंकल्यावर सोडून गेली. ती याचमुळे: स्थगिती आली त्या संध्याकाळीच आम्ही पुढच्या तारखेची तयारी काढून बसलो होतो.

पायरी ८: पड आणि निरोप

शेतकरी एखादं वावर वर्षभर पड ठेवतो त्याला कुणी आळशी म्हणत नाही. दरवर्षी आठ आठवडे तुमची पड ठरवा. आमच्याकडे ज्याची पड असेल त्याचं नाव वहीच्या मागच्या पानावर असतं आणि त्या काळात त्याला अगदी 'एक मिनिटाचं काम' सुद्धा सांगायचं नसतं. पहिल्या वर्षी मला ते जमलं नाही, तिसऱ्याच आठवड्यात बैठकीला गेले. मला कुणी खुर्ची दिली नाही. चहा दिला आणि घरी पाठवलं.

आणि कधीतरी खरंच थांबायची वेळ येते. मूल होतं, आई-वडील आजारी पडतात, बदली होते, किंवा नुसतं पुरे वाटतं. अपराधी वाटून घेत अर्धवट रेंगाळू नका. त्यात तुमचंही भलं नाही आणि जागा अडल्यामुळे नवीन माणूसही घडत नाही. तीन महिने आधी सांगा. कुणाकडे द्यायचं ते ठरवा, शक्यतो स्वतःपेक्षा दहा वर्षांनी लहान असलेल्या माणसाकडे, आणि या तीन महिन्यांत त्याला सोबत घेऊन प्रत्येक काउंटरवर एकदा जाऊन या. कुठल्या टेबलावरचे साहेब दुपारी तीननंतर भेटतात, आवक विभागातल्या कुठल्या ताई मनापासून मदत करतात, रेकॉर्ड रूमची किल्ली कुणाकडे असते, हे कुठल्याच फाइलमध्ये लिहिलेलं नसतं. मूळ कागदांचा एक गठ्ठा, पेन ड्राइव्ह, वर्गणीचा हिशेब, भिंतीवरचा लांब कागद गुंडाळी करून, आणि वही. वहीतली पुढची पानं कोरी असतील याची खात्री करा. संपत आली असेल तर जाताना एक नवी आणून द्या.